फलाहारी वटवाघळांची वार : संरचना व विकासविषयक अभ्यासाची चिकित्सा

प्रास्ताविक

सस्तन प्राण्यांच्या शरीरात वारेइतका अल्पायुषी आणि तरीही जातीगणिक इतका वेगळा असणारा दुसरा अवयव क्वचितच आढळतो. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड यांची मूळ घडण उंदरापासून हत्तीपर्यंत बरीचशी सारखीच असते. वारेच्या बाबतीत मात्र एकाच गणातील दोन कुलांमध्येही मूलभूत स्वरूपाचा फरक दिसतो. वटवाघळांचा गण, म्हणजे कायरोप्टेरा, हे याचे ठळक उदाहरण होय. या गणातील टेरोपोडिडी हे जुन्या जगातील फलाहारी वटवाघळांचे कुल असून त्यात दोनशेच्या आसपास जातींचा समावेश होतो. त्यांपैकी वारेचा विकास आरंभापासून प्रसूतीपर्यंत सलगपणे वर्णिलेला आहे अशा जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. असे असूनही या मोजक्या वर्णनांवर वंशावळीविषयीचे मोठमोठे सिद्धान्त उभे करण्यात आले. आधाराचा हा तोकडेपणा आणि निष्कर्षांचा तो विस्तार यांचा मेळ कितपत बसतो, हा या क्षेत्रातील समग्र वाङ्मयाला विचारण्याजोगा प्रश्न आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. फलाहारी वटवाघळांच्या गर्भवेष्टनांसंबंधी जागतिक वाङ्मयात वारंवार उद्धृत होणारे काम ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यांत नागपूरचे स्थान अग्रभागी आहे. एम. ए. मोघे, ए. गोपालकृष्ण आणि के. बी. करीम ही नावे वगळून या विषयाचा इतिहास लिहिता येत नाही. आपल्याकडे मात्र या कामाचा केवळ गौरवपूर्ण उल्लेख होतो, त्याचे परीक्षण फारसे होत नाही. गौरव करून विषय बंद करणे सोपे असते. या कामाची खरी किंमत मात्र परीक्षणानेच ठरेल.

वर्णनाची परंपरा

युरोपात या अभ्यासाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. ग्योहरे यांनी १८९२ मध्ये जावा-सुमात्राकडील ‘कालोंग’ या मोठ्या फलाहारी वटवाघळाच्या पीतक कोशाचे आणि वारेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी परदेशातून मद्यार्कात बुडवून आणलेल्या नमुन्यांवर काम चाले आणि गर्भाच्या मधल्या अवस्था हाती लागणे हा निव्वळ योगायोगाचा भाग असे. त्यामुळे या वर्णनात अवस्थांची साखळी नाही, सुटे सुटे दुवे आहेत. तरीही पीतक कोशाचे वेगळेपण इतक्या लवकर नजरेस आले होते, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

मोघे यांनी १९५१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये टेरोपस जायगँटियस या भारतीय जातीचा विकास आणि वारनिर्मिती यांवर प्रबंध प्रसिद्ध केला. गावोगावच्या वड, पिंपळ, चिंचेवर दिवसभर उलटी लटकणारी जी मोठी वटवाघळे सर्वांच्या परिचयाची आहेत, तीच ही जात. अलीकडे तिला टेरोपस मिडियस असे म्हटले जाते. याच धर्तीवर मोघे यांनी १९५६ मध्ये सायनॉप्टेरस स्फिंक्स या आखूड नाकाच्या जातीचा अभ्यास मांडला. या कामाचे बलस्थान म्हणजे स्थानिकता. ज्या संशोधकाच्या परिसरात प्राणी मुबलक आहे, त्यालाच महिन्यामागून महिना नमुने गोळा करून अवस्थांची साखळी पूर्ण करता येते. युरोपातील संग्रहालयांना जे साधले नाही ते नागपूरला साधले, याचे मुख्य कारण हेच.

या मुबलकतेला एक कायदेशीर बाजूही होती. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात फलाहारी वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत, कावळा, उंदीर आणि घूस यांच्या पंगतीत बसवली गेली होती. ज्या शिक्क्याने या प्राण्याचे संरक्षण नाकारले, त्याच शिक्क्याने त्याचा गर्भविज्ञानविषयक अभ्यास सुकर केला, असे म्हणावे लागते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची रद्द झाली. प्राण्याच्या दृष्टीने हे इष्टच झाले. मात्र यापुढे पूर्वीच्या प्रमाणात नमुने गोळा होणार नाहीत, आणि म्हणून जुन्या काचपट्ट्यांचे मोल आता वेगळ्याच पातळीवर गेले आहे.

‘हीमोकोरियल’ या शब्दाची अडचण

ऑटो ग्रॉसर यांनी १९०९ मध्ये मातेचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये किती थर उरतात, या निकषावर वारेचे वर्गीकरण केले. मातेच्या केशवाहिनीचे अंतःस्तर टिकून राहत असेल तर ती वार एन्डोथेलिओकोरियल, आणि तो थरही नाहीसा होऊन मातेचे रक्त थेट ट्रोफोब्लास्टला, म्हणजे गर्भाच्या बाजूच्या पोषकस्तराला, भिडत असेल तर ती हीमोकोरियल. टेरोपस आणि रूझेटस यांची अंतिम वार चकतीच्या आकाराची, आतून गुंतागुंतीच्या जाळीची आणि हीमोकोरियल प्रकारात मोडणारी धरली जाते. पाठ्यपुस्तकांच्या कोष्टकात एवढी एक ओळ येते आणि विषय संपतो.

पण वार ही स्थिर वस्तू नाही. ती घडत जाते, आणि घडताना तिचे थर बदलतात. विम्सॅट यांनी १९५८ मध्ये वटवाघळांच्या अपरापोषिका-वारेतील अडसराची नव्याने मांडणी केली. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, एन्डर्स आणि विम्सॅट यांनी मायोटिस ल्युसिफ्युगस या अमेरिकन कीटकभक्षी जातीची वार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. मातेचे अंतःस्तर कसे लोप पावते आणि ट्रोफोब्लास्टचे दोन थर कसे उरतात, हे त्यांनी दाखवून दिले. दोन थर असल्याने तिला हीमोडायकोरियल ही संज्ञा लाभली. एक, दोन की तीन थर, हा उपविभाग एन्डर्स यांनीच १९६५ मध्ये रूढ केला होता. या कामाचा खरा धडा असा की, एकच वार गर्भारपणाच्या एका टप्प्यावर एका वर्गात आणि पुढच्या टप्प्यावर दुसऱ्या वर्गात पडू शकते. अवस्था न सांगता केवळ वर्ग सांगणे म्हणजे नदीची खोली सांगताना महिना न सांगण्यासारखे आहे.

या कसोटीवर मोघे यांचे प्रबंध तपासले, तर त्यांची मर्यादा स्पष्ट होते. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता सुमारे ०.२ मायक्रोमीटर इतकीच असते. ताणून पातळ झालेले अंतःस्तर किंवा ट्रोफोब्लास्टचा कागदासारखा पापुद्रा या मर्यादेच्या आसपासच असतो. नेहमीच्या काही मायक्रोमीटर जाडीच्या छेदात ‘थर दिसत नाही’ आणि ‘थर नाही’ या दोन विधानांत फरक करता येत नाही. हा दोष संशोधकाचा नव्हे, साधनाचा. तथापि नंतरच्या लेखकांनी त्या विधानांना साधनाची मर्यादा न जोडता जसेच्या तसे उचलले, आणि ती चूक मात्र त्यांची आहे. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली वर्णिलेली एक जात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वर्णिलेली दुसरी जात एकाच रकान्यात शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करणारी कोष्टके आजही आढळतात. अशी तुलना मुळात दोन प्राण्यांची नसते. ती दोन यंत्रांची असते.

याचा अर्थ जुने वर्णन टाकाऊ ठरते, असा मात्र नव्हे. गर्भचकतीची गर्भाशयातील दिशा, उल्बाची निर्मिती, पीतक कोशाचे स्थलांतर, वारेच्या चकतीचे आक्रसणे या सर्व गोष्टी प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यातील आहेत. तिथे मोघे यांचे निरीक्षण आजही ग्राह्य धरता येते. कोणत्या विधानाला किती वजन द्यायचे, हे साधन आणि प्रश्न यांच्या नात्यावरून ठरायला हवे.

पीतक कोश : दुर्लक्षित पण निर्णायक

फलाहारी वटवाघळांच्या गर्भवेष्टनांत सर्वाधिक विलक्षण भाग कोणता, असे विचारले तर उत्तर वारेची चकती हे नसून पीतक कोश हे आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत पीतक कोशाचे महत्त्व गर्भारपणाच्या आरंभी असते. नंतर तो एक तर आक्रसून निरुपयोगी अवशेष होतो, किंवा कृंतकांप्रमाणे उलटा होऊन पोषणाचे काम चालू ठेवतो. टेरोपोडिडी कुलात यांपैकी काहीच होत नाही. पीतक कोश बाहेरच्या आवरणापासून सुटतो, त्याची पोकळी मिटते, आणि त्याच्या अंतःस्तरीय पेशी फुगून दाट, ग्रंथीसदृश पिंड तयार होतो. गर्भारपणाच्या उत्तरार्धात, म्हणजे ज्या काळात अन्य प्राण्यांत त्याची वासलात लागलेली असते, त्याच काळात तो इथे भरास आलेला दिसतो.

करीम, विम्सॅट, एन्डर्स आणि गोपालकृष्ण यांनी १९७९ मध्ये ‘ॲनाटॉमिकल रेकॉर्ड’मध्ये रूझेटस लेशेनॉल्टी या जातीच्या पीतक कोशाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय निरीक्षण प्रसिद्ध केले. नागपूरचे नमुने आणि अमेरिकेतील सूक्ष्मदर्शक यांचा हा संयोग होता, आणि सहकार्याने साधनाची मर्यादा कशी ओलांडता येते याचा तो चांगला दाखला आहे. त्याच वर्षी गोपालकृष्ण आणि करीम यांनी ‘जर्नल ऑफ रिप्रॉडक्शन अँड फर्टिलिटी’मध्ये वटवाघळांच्या गर्भवेष्टनांचा कुलवार आढावा घेतला. संपूर्ण गणाचा पट एका लेखात मांडणारे इतके नेटके लेखन त्यापूर्वी नव्हते.

तरीही एक शंका उरते. पेशीच्या अंतर्रचनेवरून तिचे कार्य सूचित होते, सिद्ध होत नाही. ग्रंथीसारखा दिसणारा अवयव काय स्रवतो, ते स्राव गर्भाच्या रक्तात जातात की आवरणांमधील द्रवात, आणि वारेची चकती कामाला लागल्यावरही या पिंडाची गरज का भासावी, या प्रश्नांची उत्तरे छायाचित्रांतून मिळत नाहीत. ‘ग्रंथीसदृश’ या विशेषणातील ‘सदृश’ हा शब्द मूळ लेखकांनी जपून वापरला होता. पुढे पुष्कळ ठिकाणी तो गळाला.

वंशावळीची भिस्त

हाच पीतक कोश पुढे वंशावळीच्या वादात साक्षीदार म्हणून उभा करण्यात आला. पेटिग्र्यू यांनी १९८६ मध्ये डोळ्यापासून मध्यमेंदूपर्यंतच्या मज्जामार्गांच्या आधारे फलाहारी वटवाघळे ही प्रायमेट गणाच्या जवळची असल्याचा पक्ष मांडला. तसे असेल तर पंख दोनदा स्वतंत्रपणे निर्माण झाले असे मानावे लागते. या मताविरुद्ध सिमन्स यांनी १९९४ मध्ये वटवाघळांच्या एकवंशीयतेची जी लक्षणे संकलित केली, त्यांत ल्युकेट यांच्या १९८० च्या विवेचनातून आलेली गर्भवेष्टनांची तीन लक्षणे होती : रुजण्याच्या वेळी गर्भचकती बीजवाहिनी व गर्भाशय यांच्या संधीकडे रोखलेली असणे, आरंभीची वार पसरट किंवा घोड्याच्या नालासारखी असून अंतिम वार आक्रसून चकतीसारखी होणे, आणि सुटा, ग्रंथीसदृश पीतक कोश.

निष्कर्ष बरोबर ठरला. जनुकीय अभ्यासाने वटवाघळांचा गण एकवंशीयच असल्याचे दाखवून दिले. पण निष्कर्ष बरोबर ठरला म्हणून पुरावा पुरेसा होता असे म्हणता येत नाही. ही लक्षणे संपूर्ण गणाची म्हणून नोंदवताना प्रत्यक्ष तपासलेल्या जाती किती होत्या, आणि प्रत्येक जातीत नेमक्या कोणत्या अवस्था उपलब्ध होत्या, याचा हिशेब मांडला गेला नाही. एखाद्या कुलातील एका जातीवरून त्या कुलाच्या रकान्यात खूण करणे ही या क्षेत्रातील जुनी सवय आहे. ल्युकेट यांनीच पुढे १९९३ मध्ये वंशावळीच्या मांडणीत गर्भवेष्टनांचे उपयोग आणि मर्यादा असा दुहेरी विषय घेऊन लेखन केले. मर्यादांचा हा भाग उपयोगांच्या मानाने कमी वाचला गेला असावा.

यापेक्षा मोठा धक्का निराळ्या दिशेने बसला. टीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००० व २००५ मध्ये, तसेच स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय विश्लेषणांनुसार फलाहारी वटवाघळे ही उर्वरित सर्व वटवाघळांपासून वेगळी निघालेली शाखा नाही. ती नालनाकी, पर्णनाकी, मेगाडर्मा आणि रायनोपोमा या वटवाघळांच्या सोबतीने एका उपगणात बसतात. ‘मोठी’ आणि ‘लहान’ वटवाघळे ही जुनी विभागणी त्यामुळे कोलमडली. कार्टर आणि मेस यांनी २००८ मध्ये वारेची लक्षणे या नव्या वंशवृक्षावर पुन्हा बसवून पाहिली. हे आवश्यकच होते, कारण जुन्या मांडणीत टेरोपोडिडी कुलाचे प्रत्येक वेगळेपण ‘आदिम’ की ‘प्रगत’ एवढ्याच शब्दांत तोलले जाई. नव्या वृक्षात या वेगळेपणाची तुलना सर्वप्रथम पर्णनाकी आणि मेगाडर्मा यांच्याशी व्हायला हवी.

इथे योगायोग असा की, नेमक्या याच कुलांचा अभ्यास भारतात झालेला आहे. गोपालकृष्ण यांनी मेगाडर्मा लायरा या जातीच्या वारेवर १९५० मध्ये, तर करीम यांनी हिपोसिडेरॉस फल्व्हस या पर्णनाकी जातीच्या गर्भवेष्टनांवर १९७२ मध्ये लिहिले. त्या वेळी ही कामे ‘लहान वटवाघळां’च्या खात्यात जमा झाली आणि रूझेटस-टेरोपस दुसऱ्या खात्यात. आज ती एकाच कपाटात शेजारी ठेवून वाचावी लागतात. जुन्या लेखकांना नव्या वृक्षाची कल्पना असणे शक्य नव्हते. आजच्या अभ्यासकांना मात्र ती सबब उरलेली नाही.

गर्भाशयाची बाजू आणि काळ

वारेचा विचार गर्भाशयाला वगळून करता येत नाही, पण या वाङ्मयात तो अनेकदा तसाच झाला आहे. मार्शल यांनी १९५३ मध्ये टेरोपसमध्ये अंतःस्तराची वाढ गर्भाशयाच्या एकाच शिंगात होते, याकडे लक्ष वेधले. पाउ आणि मार्टिन यांनी १९९४ मध्ये त्यामागील रक्तवाहिन्यांची रचना उलगडून दाखवली. बीजांडातून येणारी संप्रेरके सर्व शरीरात फिरून पातळ होण्याआधी त्याच बाजूच्या शिंगाला अधिक प्रमाणात मिळतात. वार कुठे रुजणार, हे अशा रीतीने रक्तवाहिन्यांच्या मांडणीनेच जवळजवळ ठरवलेले असते. वारेच्या वर्णनात या स्थानिक तयारीला जेवढे स्थान मिळायला हवे होते, तेवढे मिळालेले नाही.

काळाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. गोपालकृष्ण आणि चौधरी यांनी १९७७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात रूझेटस लेशेनॉल्टीचे जे प्रजननविषयक वेळापत्रक मांडले, त्यानुसार मादी वर्षातून दोनदा गर्भार राहते : पहिली खेप नोव्हेंबर ते मार्च, दुसरी मार्च ते जुलै. दोन खेपांमध्ये फारशी उसंत नसते. याच जातीच्या चीनमधील माद्यांत मानवासारखे ऋतुचक्र आढळल्याचे २००७ मध्ये ‘बायॉलॉजी ऑफ रिप्रॉडक्शन’मध्ये नोंदवले गेले. वरवर पाहता ही दोन चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. जी मादी बाळंतपणानंतर लगेच पुन्हा गर्भार राहते, तिला ऋतुस्रावाचे चक्र अनुभवण्याची संधीच फार कमी. बहुधा दोन्ही निरीक्षणे खरी असतील, आणि फरक परिस्थितीचा असेल. मात्र ऋतुस्राव आणि खोलवर रुजणारी वार यांचा संबंध जोडणाऱ्या अलीकडच्या सिद्धान्तांत या चिनी नोंदीचा हवाला येतो आणि भारतीय वेळापत्रकाचा येत नाही, तेव्हा तो सिद्धान्त अर्ध्या पुराव्यावर उभा राहतो.

‘विकासाची अवस्था’ म्हणजे गर्भधारणेनंतरचे दिवस, हे समीकरणही या कुलात सरसकट लागू पडत नाही. फिलिपिन्समधील हॅप्लोनिक्टेरिस फिशेरी या जातीत गर्भ रुजल्यानंतर त्याची वाढ आठ महिन्यांपर्यंत मंदावलेली राहते, हे हाइडमन यांनी १९८९ मध्ये दाखवले. आपल्याकडील सायनॉप्टेरस स्फिंक्समध्येही वाढ लांबण्याचा प्रकार मीनाकुमारी आणि कृष्णा यांनी २००५ मध्ये वर्णिला. मग महिन्यावरून अवस्था ठरवलेल्या जुन्या छेदांचे काय? एकाच महिन्यात पकडलेल्या दोन माद्यांच्या वारेत दिसणारा फरक जातीगत विविधतेचा, की थांबलेल्या वाढीचा, हे मूळ नोंदींत गर्भाची लांबी आणि अवयवांची प्रगती दिलेली असेल तरच सांगता येईल. मोघे आणि करीम यांच्या काळात ही शंका कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

वार आणि विषाणू

या साऱ्या चर्चेला गेल्या तीन दशकांत एक निकडीचा संदर्भ लाभला आहे. ऑस्ट्रेलियात हेन्ड्रा विषाणू फलाहारी वटवाघळांतून प्रथम वेगळा करण्यात आला, तो करड्या डोक्याच्या टेरोपस मादीच्या गर्भाशयातील द्रवातून. गर्भाच्या ऊतींतही तो मिळाला. हॅल्पिन आणि सहकाऱ्यांचा यासंबंधीचा अहवाल २००० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी गर्भार वटवाघळांवरील प्रायोगिक संसर्गाचे निरीक्षण मांडले. २००८ मध्ये प्लोराइट आणि सहकाऱ्यांनी प्रजननकाळ आणि उपासमार यांचा या संसर्गाच्या जोखमीशी संबंध दाखवला. विषाणू वार ओलांडतो, एवढे यावरून समजते. तो कोणत्या वाटेने आणि कोणत्या महिन्यात ओलांडतो, हे मात्र वारेच्या थरांची अवस्थावार माहिती असल्याखेरीज समजणार नाही. वाट एक तर जाळीदार चकतीतून असेल, किंवा शेवटपर्यंत कार्यरत दिसणाऱ्या त्या ग्रंथीसदृश पीतक कोशातून. विषाणुशास्त्राच्या वाङ्मयात ‘हीमोकोरियल वार’ हा शब्द एका वाक्यात येतो आणि पुढे सरकतो. ज्या वर्णनांवर तो शब्द उभा आहे, त्यांची तपासणी तिथे होत नाही.

दुसऱ्या टोकाला, हे छेद जपण्याची व्यवस्था कशी आहे, हाही प्रश्न आहे. हॉलंडमधील हुब्रेख्त यांचा भ्रूणसंग्रह २००४ मध्ये बर्लिनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात हलवण्यात आला, आणि जगभरचे अभ्यासक तो आजही पुन्हा पुन्हा पाहतात. मॉसमन यांचा संग्रह विस्कॉन्सिन विद्यापीठाकडे आहे. शंभर वर्षांपूर्वीची काचपट्टी नव्या प्रश्नासाठी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येते, हे या संग्रहांनी दाखवून दिले. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील काचपट्ट्यांना मात्र निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाबरोबरच कपाटाचा कोपरा आणि पुढे भंगार हीच वाट ठरलेली असते. रंग उडालेला छेद पुन्हा रंगवता येतो. हरवलेली नोंदवही पुन्हा लिहिता येत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या रूझेटस लेशेनॉल्टी वटवाघळांत निपाह विषाणूचे अंश आणि प्रतिपिंडे आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. ही जात करीम यांनी पीतक कोशासाठी अभ्यासलेली तीच. गोपालकृष्ण आणि चौधरी यांच्या वेळापत्रकानुसार मार्च हा पहिली खेप संपून दुसरी सुरू होण्याचा महिना आहे. एका वार पडून गेलेल्या आणि दुसरी रुजू लागलेल्या गर्भाशयाची ती वेळ होय.